वाव्हळे मॅडमची बस

इथं ओमानमध्ये ट्रेलर हातात द्यायच्या आधी कंपनी माणसाला एका थंडगार खोलीत बसवते. समोर तीन पडदे, हातात स्टेअरिंग, पायाखाली ब्रेक, आणि पडद्यावर रस्ता. माझ्यासोबतचे सगळे त्या खुर्चीत घामाघूम झाले. एक जण तर उलटी करून बाहेर आला. मी बसलो, आरसे बघितले, हँडब्रेक तीनदा चाचपला (ही माझी कायमची खोड) आणि गाडी नेऊन पलीकडच्या टोकाला लावली. शिकवणारे साहेब केरळचे. त्यांनी हिंदीत विचारलं, हे मशीन आधी कुठं चालवलंस, दुबईला का?

"झरीला," मी म्हणालो.

त्यांना झरी हे एखाद्या कंपनीचं नाव वाटलं असावं. त्यांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. कागद दिसला की अजून दोन पावलं मागं सरतो. पण त्या खोलीतून बाहेर आल्यापासून वाव्हळे मॅडम डोक्यातून जायला तयार नाहीत. कौसाबाई मागच्या साली गेल्या असं घरून कळलं, म्हणून आता हे लिहायला हरकत नाही. त्या असत्या तर लिहिलं नसतं. का, ते पुढं येईल.

परभणीजवळच्या झरीत खताच्या दुकानाच्या माडीवर मॅडमचा संगणकाचा वर्ग होता. पाच मशीन, त्यातली तीन चालायची. प्रत्येकावर जुन्या लुगड्याचा शिवलेला अभ्रा. चपला जिन्याखालीच काढायच्या. मॅडम बारीक अंगाच्या, आवाज हळू, आणि पर्समध्ये कंगवा-पावडर असावी तिथं शिंप्याची टेप. ती टेप कधी बाहेर येईल सांगता यायचं नाही. एकदा एका पोरीनं तक्रार केली, "मॅडम, माझी खुर्ची लय खाली हाय."

"लय म्हणजे किती?"

"आता लय म्हणजे लयच की मॅडम."

मॅडमनी टेप काढली, पाचही खुर्च्या मोजल्या आणि म्हणाल्या, "सव्वा इंच. अंदाज सांगू नको, मोजून सांग." आणि मग खरंच सव्वा इंचाची फळी आणून तिच्या खुर्चीखाली ठोकली. पोरं मागून त्यांना 'टेपवाली' म्हणायची. त्यांना ते माहीत होतं. त्या म्हणायच्या, "टेपवालीच म्हणतेत ना, खोटारडी तर न्हाई म्हणत."

मी तेव्हा जिंतूर-परभणी रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवायचो. बाहेरदेशी जायचं डोक्यात आलं, त्यासाठी पासपोर्टचा अर्ज भरायचा होता. चार दिवस खताच्या दुकानापर्यंत येऊन परत गेलो. पाचव्या दिवशी जिना चढलो. मॅडमनी अर्ज हातात घेतला, एकदा माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "मोठ्या गाडीचं लायसन हाय का?"

"हाय मॅडम."

"मग अर्ज मी भरून देते. व्हिसापुरती इंग्लिशपण शिकवते. बदल्यात मला तुझा पाय पाहिजे."

मी घाबरून पायाकडंच बघितलं. मॅडम हसल्या नाहीत. कोपऱ्यातल्या मशीनवरचा अभ्रा त्यांनी काढला.

त्या मशीनमध्ये मोटारींच्या शर्यतीचा एक गेम होता. लय जुना. शहरातल्या पोरांनी कधीच टाकून दिलेला. पण त्याची एक गोष्ट मॅडमना सापडली होती. त्या गेमच्या पोटात साध्या अक्षरांत लिहिलेल्या फायली होत्या. गाडीचं वजन किती, वजन जमिनीपासून किती उंचीवर, टायर रस्त्याला किती धरतं, रस्ता कुठं वळतो, कुठं चढतो, कुण्या अंगाला कलतो, सगळे आकडे. आकडा बदलला की गाडी बदलायची, रस्ता बदलायचा. मूळ गेममध्ये परदेशातलं जंगल होतं, उंच उंच सुरूसारखी झाडं, टाळ्या वाजवणारी माणसं. मॅडमनी ते जंगल पुसून टाकलं होतं. तिथं आता बोरीकडून झरीकडं येणारा आपला रस्ता होता. कडेनं कडुलिंब, त्यांना रंगवलेले पांढरे-तांबडे पट्टे, खडीचे ढीग, ज्वारीचं रान. वाडीच्या फाट्यावरचा पत्र्याचा निवारा होता, त्याच्यावरची सिमेंटची अर्धी फाटलेली जाहिरातपण होती. प्रत्येक गोष्टीचा त्यांनी मोबाईलवर फोटो काढून तो गेममध्ये चिकटवला होता. माझ्या ओळखीचा दगड न् दगड त्या पडद्यावर बघून मी खुर्ची मागं सारली.

शर्यतीत निदान एक तरी दुसरी गाडी पाहिजेच, असा त्या गेमचा हट्ट होता. मॅडमनी ती दुसरी गाडी काळी-पिवळी जीप केली होती. ती मागं उभी असायची. ते बघून मी नजर का वळवली, हे त्यांना तेव्हा कळलं नाही.

आणि आपली गाडी म्हणजे पांढरी मिनीबस. तिच्या कपाळावर लाल अक्षरांत 'जिंतूर-परभणी'. ती मिनीबस मला काय, त्या रस्त्यावरच्या कुणालाही ओळखू आली असती. मिलिंदभाऊ चालवायचे ती. मिलिंदभाऊ म्हणजे मॅडमचे यजमान.

अडीच वर्षं झाली होती. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात, सकाळच्या फेरीला, वाडीच्या फाट्यापुढच्या वळणावर बस रस्ता सोडून रानात गेली आणि बाभळीला आडवी पडली. पंधरा-वीस जणांना मार लागला. दोघं जागीच गेले. मिलिंदभाऊ आणि वाडीची अर्चना, परभणीला कॉलेजात जायची ती. लोकांनी आपापल्या परीनं निकाल लावून टाकला. कुणी म्हणालं डुलकी लागली, कुणी म्हणालं घेतलेली होती, कुणी म्हणालं ऐंशीनं चालला होता. कुणी तर चहाच्या गाड्यावर जातसुद्धा काढली, की यांच्या हातात गाडी द्यायचीच कशाला. बसचा मालक म्हणाला गाडी बिलकुल ठीक होती. मेलेला माणूस उत्तर देत नाही.

तेराव्याला अर्चनाची आई, कौसाबाई, झरीत आली होती. बाजारचा दिवस होता. तिनं माणसांसमोर मॅडमना विचारलं, "तुझ्या माणसानं माझी लेक का मारली, सांग."

मॅडम म्हणाल्या, "मला माहीत न्हाई. मोजून सांगते."

लोकांना वाटलं बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. पण त्या शब्दापायी मॅडमनी तो गेम शोधला होता, शेतकी शाळेचं गणिताचं पुस्तक आणलं होतं, परदेशातल्या माणसांना इंग्लिशमध्ये पत्रं लिहिली होती. हा गेम उकलणारी माणसं कुठं कुठं बसलेली असतात, ती एकमेकांना इंटरनेटवर विचारतात. त्यातल्या एकानं विचारलं, शर्यतीच्या गेममध्ये तुम्हाला बस कशाला पाहिजे? मॅडमनी लिहिलं, गृहपाठ आहे.

सगळं जमलं होतं, एकच अडलं होतं. मॅडमना गाडी चालवता यायची नाही. सायकलसुद्धा नाही. पोरं खेळायची ती खेळासारखी खेळायची. त्यांना खरा पाय पाहिजे होता, जो वळण दिसल्यावर आपोआप वर येतो. म्हणून मी.

दुपारी दोन ते चार वर्ग नसायचे. लाईट असली की मी जायचो. भंगारातून जीपचं स्टेअरिंग मी आणलं, एका पोरानं पुण्याहून आणलेल्या मोडक्या खेळण्याच्या पोटात ते बसवलं. ब्रेकला शिलाई मशीनचा पायटा. सुरुवातीला बस फुग्यासारखी उडायची. वळणावर गेली की गिरक्या घेत आभाळात. मला हसू फुटायचं, मग हसल्याची भीती वाटायची. मॅडम वहीत लिहायच्या, 'वजन वर आहे, चार बोटं खाली'. एकदा त्या आकड्यात एक शून्य जास्त पडलं आणि बस जमिनीत शिरून गायब झाली. मॅडम पडद्याकडं बघत म्हणाल्या, "हे बरंय. अशी गेली असती तर कुणी काही बोललं नसतं." त्यांचा विनोद असा असायचा. हसावं की नाही, समजायचं नाही.

"बालाजी," त्या म्हणायच्या, "मशीनला खोटं सांगितलं तर ते खोटंच उत्तर देतं. पण इतकं सुबक देतं की खरं वाटतं."

वळणाची मोजणी आम्ही वैशाखात केली. मिस्त्री लोक पाया काढताना वापरतात ती पाण्याची नळी असते ना, पारदर्शक, दोन्ही टोकांना पाणी एका पातळीत राहतं, ती. एक टोक रस्त्याच्या या कडेला मॅडमच्या हातात, दुसरं त्या कडेला माझ्या. दर दहा फुटांवर रस्ता किती कलला ते मोजायचं. ऊन असं की नळीतलं पाणी गरम लागायचं. ट्रकवाले हॉर्न मारायचे. एक जण थांबून म्हणाला, "बाई, रोड बांधायलाव का घर?" मॅडमनी मान वर केली नाही. "पावणेतीन इंच," त्या म्हणाल्या. "लिही."

पावणेतीन इंच, आणि ते उलट्या अंगाला. वळणावर रस्ता आतल्या अंगाला कलता पाहिजे, म्हणजे गाडी आत झुकते. हा बाहेरच्या अंगाला कलला होता, रानाच्या अंगाला. तो आकडा मॅडमनी फाईलमध्ये भरला. मी बस चालवली. साठनं सुटली, रानात गेली. पन्नासनं सुटली. चाळीसनंसुद्धा सुटली. दहा वेळा चाळीसनं चालवली, आठ वेळा बाभळीला जाऊन पडली.

मॅडम खुर्चीत बसल्या. वहीतल्या आठही खुणा बोटानं पुन्हा मोजल्या. मग म्हणाल्या, "चाळीसनं कुणीबी गेलं असतं."

"कुणीबी गेलं असतं मॅडम."

त्या दिवशी त्यांनी पूर्ण कपभर चहा घेतला. एरवी अर्धा ठेवायच्या. सगळे आकडे छापून काढले, टाचणी मारली, वर कौसाबाईंचं नाव लिहिलं. "उद्या जाऊ," म्हणाल्या.

मी घरी गेलो आणि जेवताना भिंतीकडं बघितलं.

आमच्या घराची मागची भिंत उन्हाळ्यात फाटते. हात जाईल एवढी भेग पडते. आणि पावसाळ्यात आपोआप मिटते. काळी माती तशीच असते. उन्हानं आकसते, खाली बसते, पाण्यानं फुगते. आमच्याकडं शेंबड्या पोराला हे माहीत असतं. आणि तो रस्ता काळ्या मातीवर आहे. आम्ही मोजला वैशाखात. बस गेली पोळ्याला.

माझा स्वभाव भित्रा आहे. मला वाटलं, गप्प बसावं. मॅडमनी अडीच वर्षांनी कपभर चहा घेतला होता. माझा पासपोर्ट त्यांच्या हातून झाला, 'माय नेम इज बालाजी'पासून पुढचं सगळं त्यांनी शिकवलं. पण मी गप्प बसलो असतो तर तो कागद कौसाबाईच्या हातात गेला असता, आणि जन्मभर मी हँडब्रेकसारखा तोच चाचपत बसलो असतो.

सकाळी जिन्यातच म्हणालो, "मॅडम, आपली मोजणी उन्हाळ्याची हाय."

त्या थांबल्या. त्या वाव्हळ्यांच्या मळ्यात वाढलेल्या नव्हत्या, परभणी शहरातल्या होत्या, त्यांना मातीचं सांगावं लागलं. मी भिंतीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, छापलेले कागद पर्समधून काढले, नीट घडी घातली आणि परत ठेवले. "पोळ्यापर्यंत थांबू," म्हणाल्या. मग दोन पायऱ्या वर जाऊन वळल्या. "बराबर बोललास."

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात, त्याच दिवशी, आम्ही नळी घेऊन पुन्हा त्या वळणावर उभे राहिलो. रान चिंब होतं. कडेची माती फुगून रस्त्याच्या बरोबरीनं आली होती. नळीतलं पाणी दोन्हीकडं जवळपास सारखं थांबलं. मॅडमनी तीनदा मोजलं. त्यांना कधी काही तीनदा मोजताना मी बघितलं नव्हतं.

"अर्धा इंच," त्या म्हणाल्या. मी लिहिलं.

ओल्या रस्त्याचा आकडा भरून, अर्धा इंच भरून, मी बस चालवली. चाळीसनं वळली. पन्नासनं वळली, मागचं चाक जरा घसरलं, वळली. साठनं सुटली आणि बरोबर बाभळीपाशी जाऊन पडली. पंचनाम्यात लिहिलं होतं त्याच जागेवर, त्याच कुशीवर.

"परत," मॅडम म्हणाल्या.

साठ. बाभूळ.

"परत."

वीस वेळा झाल्यावर मी पाय काढून घेतला. मॅडम पडद्यावरच्या आडव्या बसकडं बघत होत्या. "वळण ठाऊक होतं त्यांना," त्या म्हणाल्या. "रोजचं होतं. कशाला साठनं आले असतील?"

हे मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

परभणीच्या अड्ड्यावर नंबर असतो. जी गाडी आधी लागेल तिचा नंबर, ती भरून निघणार. उशीर झाला की मागची गाडी नंबर घेते आणि तुमची फेरी रिकामी. वाडीच्या पोरी चिखलातून यायच्या, चपला हातात घेऊन. आम्ही कुणी थांबायचो नाही. मिलिंदभाऊ थांबायचे. निवाऱ्यापाशी बस लावून हॉर्नसुद्धा वाजवायचे नाहीत, पोरी पळतील आणि पडतील म्हणून. आणि तो गेलेला वेळ पुढच्या रस्त्यावर भरून काढायचे. रोज.

मी ते सगळं सांगितलं. आणि मग तेपण सांगितलं, जे तीन वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. "त्यांच्या मागचा नंबर माझा होता मॅडम. माझी जीप मागंच शिटा भरत उभी होती. उशीर झाला असता तर नंबर मला मिळणार होता."

मॅडम मशीनकडंच बघत होत्या. "किती वेळ थांबायचे?"

"पाच-सहा मिनिटं. पावसाळ्यात जास्त."

"अंदाज—" त्या म्हणाल्या आणि पुढचं बोलल्या नाहीत. मग हळूच, "त्या दिवशी?"

"नऊ. अर्चना एकटीच यायची राहिली होती. मी घड्याळ बघत होतो."

मॅडमनी वहीत 'नऊ' लिहिलं. त्याखाली रेघ ओढली आणि वही मिटली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी माझ्याच जीपमधून आम्ही वाडीला गेलो. कौसाबाई ओसरीवर मुगाच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं बसा म्हटलं नाही. मॅडम उभ्यानंच म्हणाल्या, "मोजलं बाई. चूक त्यांचीच होती. चाळीसनं आले असते तर काही झालं नसतं. साठनं होते."

कौसाबाईचे हात थांबले नाहीत. "हे सांगायला एवढे दिस लावलेस? मला पहिल्याच दिशी ठाव व्हतं."

"मला न्हवतं."

"दारू पिऊन व्हता का?"

"न्हाई."

"झोपला व्हता?"

"न्हाई. जागे होते. मोजलंय."

"मंग एवढी जल्दी कशाची व्हती त्याला?"

मी मॅडमकडं बघितलं. आयुष्यभर ज्यांनी सव्वा इंच सोडला नाही, त्या आता सांगणार, असं वाटलं. सांगायला एक वाक्य लागलं असतं. त्या वाक्यानं मिलिंदभाऊ सुटले असते, निदान अर्धे तरी.

"ते कळलं न्हाई," मॅडम म्हणाल्या. "ते काही मोजता आलं न्हाई."

कौसाबाई बराच वेळ शेंगा सोलत राहिली. मग उठली, आत गेली, आणि तांब्याभर पाणी आणून ओसरीच्या कडेला ठेवलं. हातात दिलं नाही. मॅडमनी वाकून तांब्या उचलला, वरून पाणी प्यायल्या, तिथंच ठेवला.

परत येताना फाट्यावर निवारा आला तशी मी जीप हळू केली. मॅडम म्हणाल्या, "तिला सांगितलं असतं तर रोज सकाळी ती मनात त्या पोरीला लवकर उठवून चिखलातनं धाडत बसली असती. मरेपर्यंत." थोड्या वेळानं म्हणाल्या, "तेवढं एक मोजलंच न्हाई समज. आणि तूपण."

मी समजलो. आता कौसाबाई नाहीत.

व्हिसा आला त्या दिवशी दुपारी पेढे घेऊन मी माडीवर गेलो. जिन्याखाली चपलांचा एकच जोड. वर मॅडम कोपऱ्यातल्या मशीनसमोर बसल्या होत्या, जीपचं स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून, नवा माणूस धरतो तसं. त्यांना मी आल्याचं कळलं नाही. पडद्यावर बस वाडीच्या फाट्यावर निवाऱ्यापाशी उभी होती. नुसती उभी. त्या गेममध्ये माणसं घालता यायची नाहीत, मॅडमनी लय खटपट केली होती, जमलं नव्हतं. निवारा रिकामा होता, चिखलाची वाट रिकामी होती. मॅडम भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होत्या. मागची काळी-पिवळी केव्हाच पुढं निघून गेली होती.

मी दारातच उभा राहिलो. नऊ मिनिटं लय मोठी असतात.

मग त्यांनी शिलाई मशीनच्या पायट्यावरचा पाय उचलला. बस निघाली. चाळीस. काटा चाळीसच्या वर एक रेघसुद्धा गेला नाही. वळण आलं, बस वळली. बाभूळ बाजूनं गेली. पुढं झरी, कडुलिंब, खडीचे ढीग, शेवटची रेघ आली तिथं गाडी थांबली. शर्यतीचा गेम तो, त्याला एकच कळतं. पडद्यावर तांबड्या अक्षरांत उशीर किती झाला ते आलं.

मॅडमनी वही ओढली, तारीख टाकली, आकडा लिहिला. तसल्या आकड्यांनी पान भरत आलं होतं.

"उशीर झाला," मी मागून म्हणालो.

त्यांनी वळून बघितलं नाही. "झाला," त्या म्हणाल्या. "पोचली पण." आणि बस पुन्हा मागं नेऊन फाट्यावर लावली.